टाचेतली चाकं

कोरीट गावच्या गजराबाई पाटलांना शिव्या येत नव्हत्या असं नाही, पण त्यासाठी तोंड उघडायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली. त्यांचा खालचा ओठ पुरेसा होता. एखादं माणूस मनातून उतरलं की तो ओठ जरासा पुढे यायचा, नजर त्या माणसाच्या तोंडावरून निघून त्याच्या पायांवर जायची, तिथे क्षणभर थांबायची आणि मग गजराबाई दुसरीकडे बघायला लागायच्या. एवढंच. पण ज्याच्या वाट्याला ते आलं त्याला त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. सरपंचाला ते मिळालं होतं, तलाठ्याला मिळालं होतं, आणि मुलाच्या लग्नात मानपानावरून रुसून बसलेल्या व्याह्यांना तर भर मांडवात मिळालं होतं. व्याही मुकाट्याने उठून पंगतीला बसले.

नजर पायांवरच का जायची, याला कारण होतं. गजराबाई माणसाची किंमत पायांवरून करत. ज्याचे पाय मऊ, तो त्यांच्या लेखी अर्धाच माणूस. त्यांचे स्वतःचे पाय रुंद, टाचांना भेगा, बोटं एकमेकांपासून लांब पसरलेली. बाजारातली कुठलीच चप्पल त्यांना नीट बसायची नाही, आणि ह्याचा त्यांना दागिन्यासारखा अभिमान होता. नवरा हिलाल पाटील हौशी माणूस. त्यांनी आधी सायकल घेतली, मग लुना घेतली, पण बायको एकदाही मागे बसली नाही. शेतात जाताना ते पुढे फटफट करत निघायचे आणि सांगायचे, "तू पायी ये, मी च्या पीसन तुन्ही वाट देखस." गजराबाई डोक्यावर भाकरी घेऊन चालत जायच्या, आणि बांधावर पोचल्या की लुनाच्या चाकांकडे बघून ओठ पुढे काढायच्या. हिलाल पाटील हसायचे. आता ते नाहीत आणि लुना भंगारात गेली, पाय मात्र अजून आहेत, असं गजराबाई म्हणत.

हे चालणं त्यांना सासूने शिकवलं होतं. सासू जसोदाबाई म्हणजे कडक बाई. नवीन सुनेला तिने पहिल्या महिन्यात चुलीजवळ फिरकू दिलं नाही. अंगणात फिरवलं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर. आधी रिकामी, मग अर्धी, मग काठोकाठ. सुनेच्या कपाळावर पाण्याचा थेंब ओघळला की पुन्हा पहिल्यापासून. "डोकाले समजाले नको, पाय चाली ऱ्हायनात ते," एवढंच जसोदाबाई सांगायची.

हा सगळा खटाटोप पाण्यासाठी नव्हता, कानबाईसाठी होता. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी पाटलांच्या भाऊबंदकीत कानबाई बसते. कानबाई म्हणजे एक नारळ. जुना, काळा पडलेला, किती पिढ्यांचा ते कुणी विचारू नये असा. त्याला डोळे लावायचे, लाल खण नेसवायचा, गळसरी घालायची आणि मोत्यांची नथ अडकवायची. रात्रभर जागायचं, रोट भाजायचे, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी करायची, आणि सोमवारी कानबाईला डोक्यावर घेऊन नदीवर न्यायचं. तिथे तिला पाण्यात बुडवून परत आणायची, की वर्षभर ती देवघरात. पण नदीवर न्यायची तिला रीत आहे. नेणारी घरचीच हवी, मग ती लेक असो की सून. पाय अनवाणी हवेत. सकाळपासून पोटात अन्न नको. आणि एकदा डोक्यावर घेतली की नदी येईपर्यंत तिला जमीन दाखवायची नाही. वाटेत काही झालंच तर एकीच्या डोक्यावरून थेट दुसरीच्या डोक्यावर. म्हणून नेणारीबरोबर आणखी एक बाई उपाशी असते, तिला जोडीण म्हणतात. बाकीच्या बायका सोमवारी सकाळी रोट-दही खाऊन मोकळ्या.

आणि सगळ्यात मोठी रीत नथीची. चालताना कानबाईची नथ हलता कामा नये. पहिल्या वर्षी जसोदाबाई सुनेच्या पुढे उलट्या पावलांनी चालत त्या नथीकडे बघत गेली. नथ हलली नाही. तेव्हापासून कानबाई गजराबाईंच्या डोक्यावर होती.

आता त्यांचा उजवा गुडघा गेला होता. कोरीटच्या घरातून मळ्यापर्यंत जाताना मध्ये दोनदा थांबावं लागे, आणि कुणी बघितलं तर त्या वाकून भाजीचा पाला खुडल्याचं नाटक करत. माणसाला एवढ्या तुच्छतेने जगायची सवय असली की स्वतःचा गुडघा असा फितूर व्हावा याची फार लाज वाटते. त्यांना झोप येत नसे ती एकाच विचाराने. आपल्यानंतर कानबाई कोण नेणार? भाऊबंदकीतल्या सुना त्यांनी मनातल्या मनात अंगणातून चालवून बघितल्या. एक पाय आपटत चालायची, जमिनीने तिचं काही घेतल्यासारखी. दुसरी मोबाइलकडे बघत चालायची. जाऊबाई कोकिळाची सून बरी होती, पण तिला पायरी चढतानाही भिंत धरायची खोड. एकूण सगळ्या नापास.

त्या वर्षी कानबाईची पाळी गजराबाईंच्या मुलाची, योगेंद्रची होती. योगेंद्र नंदुरबारला सरकारी कचेरीत नोकरीला. कॉलनीत त्याने बंगला बांधला होता. एरवी पाळी कुणाचीही असो, कानबाई कोरीटलाच बसायची. पण यंदा साहेबांना हौस आली. गजराबाई मुलाचा राग आला की त्याला साहेब म्हणत. "माय, आवंदा मन्हा घर बसाडूत," म्हणून तो गाडी घेऊन न्यायला आला, आणि कानबाईच्या आधी पंधरा दिवस गजराबाई कॉलनीत दाखल झाल्या.

कॉलनी म्हणजे काय, तर शेजारच्याचं नाव माहीत नसलेल्या लोकांनी एकाच रंगाची फाटकं लावून राहायचं ठिकाण. भाजी दारात, दूध दारात, देवळात जायचं तर रिक्षा. योगेंद्रच्या घरात फरशी अशी गुळगुळीत की गजराबाईंचे भेगाळलेले पाय त्यावर पहिल्यांदा परक्यासारखे पडले. त्या दिवाणखान्यात उभ्या होत्या तोच आतल्या खोलीतून काहीतरी घरंगळत आलं. ती त्यांची नात यामिनी होती. सहावीतली पोर, दोन्ही हात पंखासारखे पसरलेले, पायाचे चवडे वर उचललेले, आणि बुटांच्या टाचा लाल-निळ्या चमकत होत्या. ती आजीच्या अगदी पुढ्यात येऊन थांबली आणि वाकून पाया पडली.

"हाई काय शे?" गजराबाई म्हणाल्या.

"चाकाना बूट शेतस, माय," योगेंद्र कौतुकाने म्हणाला. "सुरतथून आनेल शेतस. टाचमा चाक ऱ्हास. आते सगळा पोरं घालतस."

"आनी तिना पायले काय व्हयनं व्हतं?"

गजराबाईंची नजर नातीच्या बुटांवर गेली, ओठ पुढे आला, आणि त्या देवघर कुठे आहे ते बघायला आत गेल्या. यामिनीने मात्र तो ओठ नीट बघून ठेवला होता. असं काहीतरी चेहऱ्याने करता येतं हे तिला नवीन होतं.

मग गजराबाईंच्या लक्षात आलं की हा रोग एका पोरीचा नव्हता. कॉलनीतल्या जवळजवळ प्रत्येक बंगल्यात एकाच्या तरी टाचेला चाकं फुटली होती. आता गंमत अशी, की कॉलनीबाहेर रस्ता लागला की ही चाकं चार हातसुद्धा चालायची नाहीत. खडी, खड्डे, शेण. म्हणजे ह्या पोरांना घसरायला दुसऱ्यांच्या फरशा लागायच्या. बँकेत लोक रांगेत ताटकळलेत आणि ह्यांची रांगेभोवती प्रदक्षिणा. रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट बघत माणसं बोचक्यांवर बसलीत आणि ह्यांची त्या बोचक्यांमधून वाट. कानबाईचा खण घ्यायला सून स्वप्नाली सासूला कपड्यांच्या दुकानात घेऊन गेली, तिथे यामिनी साड्यांचा ढीग घेऊन येणाऱ्या नोकरावर जाऊन आदळली. साड्या पसरल्या. मालक हसला, कारण स्वप्नाली नेहमीची गिऱ्हाईक होती, आणि नोकर खाली बसून घड्या घालत राहिला. "सॉरी म्हण, बेटा," स्वप्नाली म्हणाली. बेटा सॉरी म्हणून पुढच्या काउंटरकडे घरंगळली. आईबापांनी पोरांना शिस्त लावायची एवढीच रीत आता उरली होती.

कहर झाला तो गुडघा दाखवायला गेले तेव्हा. दवाखान्याचा व्हरांडा लांबलचक, नुकताच पुसलेला. भिंतीकडेला बाकांवर आणि जागा नाही म्हणून खालीही माणसं बसलेली. बरीचशी अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांवरून आलेली. एका बाईच्या मांडीवर तापलेलं पोर होतं. तिचे पाय धुळीने पांढरे झालेले. गजराबाईंनी त्या पायांकडे बघितलं आणि सरकून तिला शेजारी बसायला जागा दिली. एक म्हातारा चार पायांची काठी टेकत टेकत येत होता, एक पाऊल टाकायचा, उसासा सोडायचा. यामिनी व्हरांड्याच्या त्या टोकाहून निघाली. सुसाट. म्हाताऱ्याला ती दिसली आणि तो जागच्या जागी थिजला, भिंतीला चिकटला, काठी हातातून सुटून खणखणत पडली. यामिनी त्याला जराही न लागता शिताफीने वळसा घालून गेली. शिताफीने गेली हे खरंच होतं, पण म्हाताऱ्याला ते कुठून कळणार.

"किती बॅलन्स आहे हो हिचा," रांगेतली एक कॉलनीछाप बाई म्हणाली. योगेंद्र फोनवर पोरीचा व्हिडिओ काढत होता. पाड्यावरच्या बाईने पोर खाली ठेवलं, उठून काठी उचलली आणि म्हाताऱ्याच्या हातात दिली.

गजराबाईंना इतका राग आला की गुडघा दुखायचा थांबला. "साहेब," त्या मुलाला म्हणाल्या, "तुन्ही पोरले चालता येस का? नुसतं चालता? एक पाय उचलीसन दुसरा टाकता?"

"माय, पोरगी शे. खेयी ऱ्हायनी," योगेंद्र म्हणाला.

"घसटी ऱ्हायनी. ज्याले पाय उचलानं बी जड जास, तो जलममा काय उचली?"

घरीही तीच बोलणी. बूट काढले तरी यामिनीची चाल तीच राहिली होती, पाय न उचलता, जमिनीवरून सरकत, वरचं अंग ताठ. "पाय उचल वं, घसटू नको," हे गजराबाई दिवसातून किती वेळा म्हणत त्याला गणती नव्हती. यामिनी आजीकडे बघायची आणि खालचा ओठ पुढे काढून बघायची. आरशासमोरही ती तसं करत असे, पण ते कुणाला माहीत नव्हतं.

डॉक्टरने गुडघा बदलायला सांगितलं. गजराबाईंनी डॉक्टरच्या बुटांकडे बघितलं, आणि तो विषय तिथेच संपला. पण त्या रविवारी कानबाई बसली तेव्हा नेहमीचा प्रश्न पुढ्यात होता. जोडीण कोण? कोकिळाबाई कोरीटहून आल्या होत्या, पण त्यांचे कानबाई डोक्यावर घ्यायचे दिवस संपले होते. पाळी योगेंद्रची, तेव्हा मान स्वप्नालीचा. स्वप्नाली म्हणाली, "हो आई, मी धरेन ना उपास." ती शाळेत शिक्षिका होती आणि प्रत्येक गोष्टीला हो म्हणायची तिला सवय होती. गजराबाईंनी तिच्या पायांकडे बघितलं. नखांना रंग, टाचा लोण्यासारख्या. त्यांनी मनाशी ठरवलं की गुडघा मोडला तरी चालेल, पण कानबाई नदीपर्यंत आपणच न्यायची.

सोमवारी सकाळी भाऊबंदकी रोट-दही खायला बसली. कानबाई चौरंगावर, समोर समई. आणि ह्या सगळ्यातून, पंगतीच्या पाठीमागून, यामिनी घरंगळत आली. बूट घालून. चौरंगापासून हातभर अंतरावर तिने गिरकी घेतली आणि समईची ज्योत फडफडली.

गजराबाई उठल्या, नातीचा दंड धरला, तिला खाली बसवलं आणि दोन्ही बूट ओढून काढले. ते घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा हात रिकामे होते.

"पायले चाकं लावनारीले आठे रोट नई भेटाव," त्या म्हणाल्या.

यामिनी रडली नाही. "मला नकोच आहे," ती म्हणाली. स्वप्नाली तिला आत नेऊन दूध पाज, बिस्किट दे, असं बराच वेळ करत होती. पोरीने तोंड उघडलं नाही. मिरवणूक निघताना आईने दुसऱ्या चपला पुढे ठेवल्या, तर त्या तिने पायाने बाजूला सारल्या आणि अनवाणीच फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. कोकिळाबाई हे बघून हळूच म्हणाल्या, "कोना वर गई व्हई हाई पोर?"

नदी म्हणजे खरं तर नालाच. श्रावणात त्यात पाणी असतं म्हणून कॉलनीने त्याला नदीचा मान दिला होता. पण जायची वाट लांब होती, कॉलनीतून मोठ्या रस्त्याला, तिथून बाजारपेठेतून, मग एका बोळाने खाली. पुढे बँड, मागे फुगड्या घालणाऱ्या पोरी, त्यांच्या मागे योगेंद्रची गाडी, लागलीच तर असू द्या म्हणून. मध्ये गजराबाई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाट, पाटावर कानबाई. कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत त्या अशा चालल्या की बघणाऱ्यांनी हात जोडले.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यांना एक आवाज ऐकू यायला लागला. टिक. जरा वेळाने पुन्हा, टिक. बँड वाजत होता, तरी तो आवाज त्यांना डोक्याच्या आत ऐकू यावा तसा येत होता. आधी त्यांना कळेना. मग कळलं. नथीचा मोती नारळावर आपटत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो आवाज ऐकला. उजवा पाय टेकला की टिक. त्यांनी कोकिळाबाईंकडे बघितलं. कोकिळाबाईंना दिसलं होतं, पण त्या दुसरीकडे बघत होत्या. गजराबाईंना ह्या दयेची चीड आली. त्यांनी दात आवळले आणि पाऊल टाकलं. टिक.

बाजारपेठेत गतिरोधकावरून उतरताना गुडघा अडकला. अडकला म्हणजे अडकलाच. पुढे जाईना, मागे येईना. गजराबाई रस्त्याच्या मधोमध एका पायावर भार देऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाटाला. बँड जरा पुढे जाऊन थांबला. मागून हॉर्न वाजायला लागले. घाम त्यांच्या भुवयांवर आला आणि कानबाई हलायला लागली.

योगेंद्र धावत आला. "माय, गाडीमा बठ. कानबाईले मांडीवर लई ले. दोन मिनिटमा नदीवर."

गजराबाईंचा आवाज चढला नाही. "देवीले चाकं लावस का तू?"

"मंग काय करूत? तू पडशी."

"पोरले लावात, आते देवीले लाव. मंग मी मरसू तव्हय माले बी लाव." त्यांनी मान न हलवता डोळे वळवले. "स्वप्नाली. ये. जोडीण तू शे. लई ले."

स्वप्नाली पुढे आली नाही. तिचा चेहरा पडला. "आई," ती म्हणाली, "मला सकाळी गोळी घ्यायची होती. रिकाम्या पोटी चालत नाही म्हणून... दोनच बिस्किटं खाल्ली."

भोवतालच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सगळ्यांची पोटं रोट-दह्याने भरलेली. एकेक जण नजर चुकवत मागे सरकली. इतकी वर्षं सगळ्या बायकांना नापास करून त्या एकट्याच पास होत आल्या होत्या, आणि आता जसोदाबाईची कानबाई भर बाजारात, गतिरोधकावर, जमिनीला लागणार होती. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"मी काहीच खाल्लेलं नाही," कुणीतरी म्हणालं.

ती यामिनी होती. सकाळपासूनचा राग तिच्या तोंडावर तसाच होता. ती मदतीला आली नव्हती. ती फक्त खरं ते सांगत होती, जरा तोऱ्यातच. गजराबाईंची नजर सवयीने तिच्या पायांवर गेली. पाय उघडे होते, रस्त्याच्या धुळीने पांढरे झालेले. घरची लेक. अनवाणी. उपाशी. रीतीत बसायला आणखी काही लागत नव्हतं, आणि ते सगळं गजराबाईंनी स्वतःच्याच हाताने करून ठेवलेलं होतं.

"ती लहान आहे, आई, पाडेल," स्वप्नाली म्हणाली.

"तू गप," गजराबाई म्हणाल्या.

कोकिळाबाईंनी एका पोरीच्या ओढणीची नवी चुंबळ केली आणि पोरीच्या डोक्यावर ठेवली. दोन बायकांनी गजराबाईंना आधार दिला, यामिनी त्यांच्या अगदी छातीशी येऊन उभी राहिली, आणि पाट आजीच्या डोक्यावरून खाली, नातीच्या डोक्यावर सरकला. पोरीने हात वर नेऊन पाट धरला. तिची मान जरा आत गेली, मग सरळ झाली.

"पाय उचल," गजराबाई म्हणाल्या. "घसटू नको. ऐकं का?"

बँड वाजायला लागला आणि यामिनी निघाली.

गजराबाईंना मात्र एक पाऊल टाकता येईना. गाडी गर्दीच्या मागे अडकलेली, आणि ती बोळात शिरणारही नव्हती. त्या मागे राहायला तयार नव्हत्या. कानबाई पोरीच्या हातात सोडून त्या काय रस्त्यावर बसणार होत्या? शेवटी भिला नावाच्या एका केळीवाल्याने आपल्या हातगाडीवरची केळी टोपलीत काढली, योगेंद्रने आईला उचललं आणि भिलाच्या त्या लोटगाडीवर ठेवलं. गजराबाईंनी त्याला विरोध केला, पण उचललेल्या माणसाच्या विरोधाला फारसा अर्थ नसतो. साहेब घामाघूम होऊन गाडी ढकलत होते, भिला पुढून धरत होता, आणि एका चाकाला तेल नसल्यामुळे ते सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल असं कुरकुरत होतं. दुकानातली माणसं बाहेर येऊन बघत होती.

"पाय उचल वं," गजराबाई लोटगाडीवरून ओरडल्या.

पोर पाय उचलत नव्हती. ती तशीच चालली होती, गेले पंधरा दिवस चालत आली तशी. तळवा जमिनीलगत, एक पाय दुसऱ्याच्या पुढे सरकवत, धक्का नाही, हिसका नाही, वरचं अंग जागच्या जागी. रस्त्यात खडी आली तर पाऊल खडीचा अंदाज घेऊन पुढे व्हायचं. गजराबाई पुन्हा ओरडायला तोंड उघडणार होत्या, तेवढ्यात बोळाच्या वळणावर पोर बाजूला वळली आणि कानबाईचं तोंड त्यांना दिसलं.

नथ हलत नव्हती.

गजराबाईंनी डोळे बारीक करून बघितलं. मोती नारळाला टेकून स्थिर होता. बोळाचा उतार लागला, खाली दगड, मध्ये गटाराची फरशी. मोती तिथेच. डोक्याला समजत नव्हतं पाय चालतायत ते. आपल्या सासूने अंगणात महिनाभर घागर देऊन जे शिकवलं होतं, ते ह्या पोरीला सुरतेच्या बुटांनी बँकेत आणि दवाखान्यात शिकवलं होतं, आणि आपण पंधरा दिवस नेमकं तेच मोडायला बसलो होतो. गजराबाईंनी तोंड मिटलं.

पाण्याशी बायकांनी वाळूची कानबाई केली, आरती झाली, नारळ पाण्यात बुडवून वर काढला. लोटगाडी काठाच्या चिखलात उतरणार नव्हती म्हणून गजराबाई काठाच्या वर, बोळ संपतो तिथे, केळीच्या वाळक्या पानांवर बसून राहिल्या. पाय खाली लोंबत होते, जमिनीला पोचत नव्हते. खालून माणसं परत यायला लागली. सगळ्यांच्या पुढे यामिनी होती. ओला नारळ तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. नथीतून पाणी ठिबकत होतं.

ती लोटगाडीजवळ आली आणि थांबली. गजराबाईंना काहीतरी बोलायला हवं होतं. कौतुक करायची त्यांच्या तोंडाला सवय नव्हती.

"तुन्हा बूट गहूना डबामा शेतस," त्या अखेर म्हणाल्या.

यामिनीने आजीच्या तोंडाकडे बघितलं. मग तिची नजर सावकाश खाली उतरली, आजीच्या लोंबणाऱ्या पायांवर आली, तिथून लोटगाडीच्या चाकांवर गेली आणि क्षणभर तिथे थांबली. तिचा खालचा ओठ जरासा पुढे आला. मग ती दुसरीकडे बघायला लागली, आणि नारळ सांभाळत, पाय न उचलता, घराच्या दिशेने निघून गेली.

गजराबाईंनी आपले पाय वर ओढून घेतले आणि लुगड्याखाली झाकले.